निगेची गोष्ट : जपानी चित्रकथांतली जुनी स्पोर्ट्‌स कार

मोटारीची गोष्ट म्हणजे वेगाची गोष्ट, असे आपण सहसा गृहीत धरतो. पण गाडी बाळगणाऱ्या कोणालाही विचारले तर तो सांगेल की, गाडीचे बहुतेक आयुष्य उभ्यानेच जाते. घरासमोर, गॅरेजच्या दारात, उघड्या बॉनेटखाली, एखादा सुटा भाग यायची वाट पाहत. जुन्या गाडीच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. आणि ती जुनी गाडी दुसऱ्या देशातून आणलेली, कारखान्याने केव्हाच बंद केलेली स्पोर्ट्‌स कार असेल, तर पळण्यापेक्षा तिला पळती ठेवणे हाच मालकाचा मुख्य उद्योग होऊन बसतो.

जपानच्या अशा गाड्यांभोवती गेल्या तीस-पस्तीस वर्षांत एक मोठे वाङ्मय उभे राहिले आहे. मांगा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जपानी चित्रकथा, त्यांच्यावरची चलच्चित्रे, हॉलिवूडचे चित्रपट आणि व्हिडिओ गेम हे सगळे त्यात येते. जगभरातल्या तरुणांनी या गाड्या आधी कागदावर आणि पडद्यावर पाहिल्या, आणि मग त्यांतल्या काहींनी खरोखर विकत घेतल्या. त्यामुळे या कृतींची समीक्षा करताना एक साधी कसोटी लावावी असे मला वाटते. गाडी कोण विकत घेतो आणि काय पाहून घेतो? ती बिघडली की हात कोणाचे काळे होतात, आणि खर्च कोण सोसतो? थोडक्यात, ही कृती निगेकडे कशी पाहते? या कसोटीवर या वाङ्मयातल्या मानाच्या जागा बऱ्याच बदलतात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

मराठी वाचकापुढे हा विषय का ठेवायचा, हेही सांगितले पाहिजे. परदेशातून वापरलेली गाडी भारतात आणायची, तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, तिचे स्टिअरिंग उजवीकडे असावे आणि ती फक्त मुंबई बंदरातूनच यावी, असा आपल्या आयात धोरणाचा सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे दार एकच, तेही आपल्या मुंबईत, आणि नव्वदच्या दशकातल्या जपानी गाडीला ते बंद. न्यूझीलंडमध्ये किंवा अमेरिकेत स्थायिक झालेला मराठी तरुण अशी गाडी कायदेशीरपणे घेऊ शकतो. पुण्या-कोल्हापूरचा तरुण घेऊ शकत नाही. त्याच्यापर्यंत ती केवळ गोष्ट म्हणून पोचते. जी वस्तू फक्त गोष्टीतूनच भेटते, तिच्याविषयी गोष्ट खरे सांगते की नाही, हे तपासण्याची गरज अधिक असते.

गाडी देशाबाहेर का जाते?

आधी वस्तुस्थिती पाहू. जपानमध्ये खासगी मोटारीची सक्तीची तपासणी असते; तिला ‘शाकेन’ म्हणतात. नवी गाडी घेतल्यावर पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी. त्या वेळी तपासणीबरोबर वजनावरचा कर आणि सक्तीचा विमा यांचाही भरणा करावा लागतो. शिवाय पेट्रोलची गाडी तेरा वर्षांची झाली की वार्षिक मोटारकर सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो. जुनी गाडी मोडीतच काढा असा कायदा तिथे नाही, जरी बाहेरच्या देशांत तसा समज पसरलेला आहे. मात्र जुनी गाडी ठेवणे हळूहळू महाग होत जाते, आणि लोक ती विकून टाकतात. विकलेल्या गाड्या व्यापाऱ्यांच्या लिलावात जातात. तिथे नोंदणीकृत व्यापाऱ्यांनाच बोली लावता येते. परदेशातल्या ग्राहकाला आपल्या वतीने बोली लावणारा निर्यातदार गाठावा लागतो.

जपानमध्ये वाहतूक डावीकडून चालते. त्यामुळे न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, आयर्लंड, केनिया, श्रीलंका, पाकिस्तान अशा डाव्या बाजूच्या देशांत या गाड्या सहज सामावल्या गेल्या. अमेरिकेने मात्र १९८८ च्या कायद्याने दार आवळले. तिथल्या सुरक्षा-मानकांनुसार न बनलेली गाडी तयार होऊन २५ वर्षे झाल्यावरच तिला सहज प्रवेश मिळतो. कॅनडात ही मुदत १५ वर्षांची आहे. १९८९ मध्ये बाजारात आलेली निस्सान स्कायलाइन जीटी-आर, म्हणजे आर३२, अमेरिकेत २०१४ पासून जाऊ लागली. १९९९ ची आर३४ जाण्यासाठी २०२४ उजाडले. म्हणजे जी गाडी आपल्या देशात वाढीव कराची धनी होते, तीच दुसऱ्या देशात वय भरले म्हणून परवाना मिळवते. एकाच वयाचे हे दोन अर्थ आहेत, आणि पुढच्या सगळ्या गोष्टी या दोन अर्थांच्या मधल्या जागेत घडतात.

गाडीचे नाव माहीत नसलेला नायक

या वाङ्मयातली सर्वांत प्रसिद्ध कृती म्हणजे शुइची शिगेनो यांची ‘इनिशियल डी’. ‘यंग मॅगझीन’ या साप्ताहिकात ती १९९५ ते २०१३ अशी अठरा वर्षे चालली आणि तिचे ४८ खंड झाले. १९९८ मध्ये तिला कोदान्शा मांगा पुरस्कार मिळाला. नायक ताकुमी फुजिवारा हा गुन्मा प्रांतातला शाळकरी मुलगा. वडील बुन्ता यांचे तोफूचे, म्हणजे सोयाबीनच्या पनीरचे, दुकान आहे. परवान्याचे वय होण्याच्या कितीतरी आधीपासून, तेराव्या वर्षापासून, ताकुमी पहाटे डोंगरावरच्या हॉटेलांत तोफू पोचवतो. गाडी टोयोटा स्प्रिंटर ट्रुएनो, चासी कोड एई८६. गाडीत पाण्याने भरलेला पेला ठेवलेला असतो आणि ते पाणी सांडू द्यायचे नाही, एवढीच वडिलांची अट. या शिस्तीतून मुलगा घाटाच्या वळणांचा निष्णात चालक होतो आणि कितीतरी ताकदवान गाड्यांना मागे टाकतो.

एई८६ ही १९८३ ते १९८७ या काळात बनलेली गाडी. इंजिन १,५८७ घनसेंटिमीटरचे, शक्ती कागदोपत्री १३० अश्वशक्ती, मागच्या चाकांना गती, वजन एक टनाच्या आत. कथेच्या काळात ती जुनी आणि सामान्य आहे. दारावर दुकानाचे नाव रंगवलेले आहे. शिगेनो यांची मोठी कामगिरी ही की त्यांनी नायकाला दिखाऊ गाडी दिली नाही. दुकानदाराची कामाची गाडी दिली. वाचकाला वाटते, हे तर आपल्यालाही जमेल.

पण निगेची कसोटी लावली की या कथेतली एक मोठी पोकळी दिसू लागते. सुरुवातीला ताकुमीला आपल्या गाडीला ‘एट-सिक्स’ म्हणतात हेसुद्धा माहीत नाही. ऑईल कोण बदलतो, टायर कोण घेतो, सस्पेन्शन कोण जुळवतो? सगळे बुन्ता. तेही बहुधा चौकटीबाहेर, पानांच्या मधल्या जागेत. मुलगा सकाळी किल्ली फिरवतो आणि गाडी तयार असते. घरातले जेवण जसे आपोआप ताटात येते असे मुलांना वाटते, तशीच ही गाडी. ताकुमीची सहजता आपल्याला मोहवते. तिचे बिल वडील फेडतात.

शिगेनो यांना ही पोकळी ठाऊक होती, असे मानायला जागा आहे. आकागी डोंगरावर लान्सर इव्होल्यूशनशी झुंजताना ताकुमीच्या गाडीचे इंजिन फुटते. माझ्या मते तो संपूर्ण मालिकेतला सर्वांत प्रामाणिक प्रसंग आहे. इतके खंड ज्याला आपण कौशल्य म्हणत होतो, ते एका झिजत चाललेल्या यंत्राच्या पाठीवर उभे होते, हे नायकाला आणि वाचकाला एकदमच कळते. बुन्ताला मात्र ते आधीच कळलेले असते. जुन्या इंजिनाचे दिवस भरत आलेत हे ओळखून त्याने शर्यतीचे इंजिन मिळवून ठेवलेले असते. इथे कथेला एक कठीण प्रश्न विचारता आला असता : टोफूच्या दुकानाच्या उत्पन्नातून असे इंजिन कसे येते? तो प्रश्न शिगेनो टाळतात. अकरा हजार फेऱ्यांपर्यंत जाणारे ते इंजिन आकाशातून पडावे तसे येते. कथा पुढे सरकते, पण सामान्य माणसाची गाडी ही तिची ओळख तिथे थोडी सैल होते.

इत्सुकीची ८५

सेकंडहँड गाडी विकत घेण्यावरचे या वाङ्मयातले सर्वोत्तम प्रकरण मात्र ‘इनिशियल डी’मध्येच आहे, आणि त्याचा नायक ताकुमी नाही. त्याचा मित्र इत्सुकी पेट्रोल पंपावर काम करून पैसे साठवतो, आणि मित्रासारखीच ‘८६’ घेतल्याच्या आनंदात एक कोरोला लेविन घेऊन येतो. अंग तेच, दारे तीच, दिवेही त्याच घराण्यातले. पण ती निघते एई८५. म्हणजे त्याच सांगाड्यात दीड लिटरचे, एकाच कॅमशाफ्टचे, कार्ब्युरेटरवर चालणारे साधे इंजिन. मित्र हसतात. पुढे त्याच ८५ वरून इत्सुकीला हिणवणाऱ्यांना ताकुमी ती गाडी स्वतः चालवून मागे टाकतो.

हा प्रसंग विनोदी आहे. पण त्यात वापरलेल्या गाडीच्या व्यवहाराचा गाभाच आहे. जुन्या गाडीची ओळख तिच्या रूपात नसते. ती चासी कोडमध्ये, इंजिनावरच्या अंकांत आणि कागदपत्रांत असते. बाहेरच्या देशातल्या ग्राहकाला तर ती भाषाही परकी. कागदावर वर्ष जपानी सम्राटाच्या कारकिर्दीनुसार लिहिलेले असते; ‘हेइसेई ५’ म्हणजे १९९३. त्याच अंगाची साधी आवृत्ती आणि खास आवृत्ती यांच्या किमतीत मोठे अंतर असल्यामुळे साध्या गाडीला खासची चिन्हे लावून विकण्याचा मोहही मोठा. इत्सुकीला कोणी फसवले नाही. त्याने स्वतःला हवे ते पाहिले. वापरलेल्या गाडीच्या बाजारात बहुतेक फसगत अशीच होते.

गाड्यांच्या मिश्र ओळखीचे आणखी एक सुंदर उदाहरण याच कथेत उसुई घाटावर भेटते. माको आणि सायुकी या दोन मुलींची निळी ‘सिल-एटी’. निस्सान १८०एसएक्स या गाडीचे दिवे उघडझाप होणारे होते. पुढून ठोकली की ते दिवे आणि त्यांची यंत्रणा बदलणे खर्चाचे. त्याच सांगाड्यावरच्या सिल्व्हियाचा पुढचा भाग मात्र स्वस्त, हलका, आणि नीट बसणारा. तेव्हा लोकांनी तोच बसवायला सुरुवात केली, आणि दोन गाड्यांचे नाव जोडून तिसरी गाडी जन्मली. म्हणजे आज जी खास गाडी म्हणून मिरवते, तिची सुरुवात डेंटिंग-पेंटिंगचा खर्च वाचवण्यातून झाली. या मालिकेत मुली क्वचितच स्टिअरिंगमागे दिसतात. त्या दिसतात तेव्हा त्यांच्या हाती अशी जोडजमाव करून टिकवलेली गाडी असावी, हे मला लक्षणीय वाटते.

भंगारातून उठलेली झेड

मिचिहारु कुसुनोकी यांची ‘वांगन मिडनाइट’ १९९० मध्ये सुरू झाली, पुढे ‘यंग मॅगझीन’मध्ये आली आणि २००८ पर्यंत चालली. १९९९ चा कोदान्शा पुरस्कार तिला मिळाला. ‘इनिशियल डी’ची लोकप्रियता तिला लाभली नाही. तिची चित्रे कोरडी, संवाद लांब, रचना सैल. तरीही निगेच्या कसोटीवर ती मला अधिक खरी वाटते.

तिची सुरुवातच खरेदीने होते. अकिओ असाकुरा हा विद्यार्थी भंगारच्या आवारात एक जुनी निस्सान फेअरलेडी झेड पाहतो. मॉडेल एस३०, म्हणजे १९६९ मध्ये आलेली पिढी. तिचा आधीचा मालक तिच्यातच अपघातात मेला, आणि त्याचे नावही अकिओ असाकुराच होते. गाडीत ३.१ लिटरपर्यंत वाढवलेले, दोन टर्बोंचे इंजिन आहे. ते बांधणारा जुन कितामी आता सायकलींचे दुकान चालवतो. तोक्योच्या द्रुतगती मार्गाच्या वांगन, म्हणजे खाडीकाठच्या, पट्ट्यावर या झेडची गाठ वारंवार एका काळ्या पोर्शेशी पडते. तिचा चालक तात्सुया शिमा हा डॉक्टर आहे.

या कथेत शर्यतीपेक्षा शर्यतीनंतरचे दिवस मोठे असतात. इंजिन जाते, अंग वाकते, आणि अकिओला कोणाच्या तरी दारात जाऊन उभे राहावे लागते. कितामी इंजिन जाणतो, पण सांगाडा सरळ करायला ताकागीच लागतो. इंजिनाची ताकद वाढवून भागत नाही. ती ताकद पेलणारा पत्रा, त्याचे जोड आणि त्याचा ताठपणा आधी नीट करावा लागतो, हे कुसुनोकी पानेच्या पाने सांगत राहतात. कारागिरांचे आपापसातले मतभेद, एकाने केलेल्या कामाविषयी दुसऱ्याचे मौन, जुनी बिघडलेली मैत्री हे सगळे गाडीच्या निमित्ताने उलगडते. आपल्याकडे सेकंडहँड गाडी घेताना ‘एकहाती वापरलेली आहे का?’ असे विचारतात, ते उगाच नाही. प्रत्येक हात गाडीवर काही ठेवून जातो. ‘वांगन मिडनाइट’ ही त्या हातांची कथा आहे.

तिचा दोषही इथेच सांगायला हवा. कुसुनोकी या झेडला सैतानी गाडी म्हणतात, ती मालकाला झपाटते असे सुचवतात. वाकलेल्या सांगाड्याची गाडी एका बाजूला ओढते, वेगात अंगावर येते. अशा गाडीला लोक अपशकुनी ठरवतात. कारण पत्र्यात असते, दोष नशिबाला दिला जातो. कुसुनोकींना हे कारण माहीत आहे, कारण ताकागीच्या वर्कशॉपमध्ये ते स्वतःच आपल्याला नेतात. तरीही त्यांना गूढतेचा मोह आवरत नाही. मृत्यूला सैतानाचे नाव दिले की, सार्वजनिक रस्त्यावर ताशी ३०० किलोमीटरने जाणाऱ्या माणसाची जबाबदारी हलकी होते. त्या रस्त्यावर मालवाहू ट्रकही असतात, याची आठवण कथा पुरेशी ठेवत नाही. हा आक्षेप ‘इनिशियल डी’लाही तितकाच लागू आहे.

पडद्यावरचे गॅरेज

२००१ च्या ‘द फास्ट अँड द फ्यूरिअस’ या चित्रपटाने या गाड्या अमेरिकी प्रेक्षकांच्या घरात नेल्या. कथानकाचा एक धागा आपल्या विषयाचाच आहे. ब्रायनवर दहा सेकंदांत पाव मैल कापणारी गाडी द्यायचे ऋण असते. तो मोडकी टोयोटा सुप्रा आणतो आणि टोळी मिळून ती उभी करते. सुरुवात योग्य आहे : मोडकी गाडी, गॅरेज, मित्र. पण पुढे काय होते? हवे ते भाग जपानहून तातडीने मागवले जातात, काही दृश्ये झरझर सरकतात आणि नारिंगी रंगाची चकचकीत सुप्रा उभी राहते. भाग चुकीचा आला, बोल्ट गंजून अडकला, पैसे संपले, असे काहीच घडत नाही. जुन्या गाडीचा जो खरा काळ, वाट पाहण्याचा, तोच कात्रीत जातो.

१९९७ च्या ‘ग्रान तुरिस्मो’ या खेळाने याहून सूक्ष्म परिणाम केला. काझुनोरी यामाउची यांच्या या खेळात सुरुवातीला हाती थोडेच पैसे असतात, म्हणून खेळाडू सेकंडहँड गाडीच घेतो. शर्यती जिंकत तिच्यात सुधारणा करतो. एका पिढीला चासी कोड, टर्बो, गिअरचे गुणोत्तर ही भाषा या खेळाने शिकवली, आणि हे शिक्षण खरे होते. पण त्या पहिल्या खेळातल्या सेकंडहँड गाडीत सेकंडहँड असे काही नव्हते. तिला गंज नव्हता, तिच्या रबरी नळ्या कडक होत नव्हत्या. वापरलेली म्हणजे फक्त स्वस्त, हा धडा मुले शिकली.

या दोन्ही कृती खोट्या आहेत असे मला म्हणायचे नाही. करमणुकीने गॅरेजचा कंटाळा कापावा हे समजण्यासारखे आहे. पण कंटाळ्याबरोबर त्यांनी कारागीरही कापला. ‘वांगन मिडनाइट’मध्ये ज्या माणसांची नावे आपल्या लक्षात राहतात, त्यांच्या जागी इथे फक्त भागांची नावे उरली.

लिलावाचा कागद

आता एका वेगळ्या मजकुराकडे वळू. साहित्याच्या समीक्षेत तो सहसा येत नाही, पण या सगळ्या गोष्टींचा उतारा त्यातच आहे. जपानी लिलावात प्रत्येक गाडीबरोबर तपासनिसाने भरलेला एक कागद असतो. त्यावर गाडीची रेषाकृती असते आणि तिच्या अंगावर खुणा. ‘ए’ म्हणजे ओरखडा, ‘यू’ म्हणजे पोचा, ‘डब्ल्यू’ म्हणजे दुरुस्तीची लहर, ‘एस’ म्हणजे गंज, ‘एक्सएक्स’ म्हणजे बदललेला भाग. पुढे १, २, ३ हे आकडे दोषाचा आकार सांगतात. एकूण दर्जाला अंक असतो. सांगाड्याला मार लागून दुरुस्ती झालेली असेल तर अंकाऐवजी ‘आर’ हे अक्षर येते.

या कागदात विशेषण नाही, नायक नाही. ‘ए१’ आणि ‘एस२’ एवढीच त्याची शब्दसंपत्ती. तरीही नीट वाचणाऱ्याला त्यातून गाडीचे चरित्र दिसते. कागदाची मर्यादाही वाचणाऱ्याने ओळखली पाहिजे. तपासनीस इंजिन खोलत नाही. मीटरचा आकडा तो लिहितो आणि शंका असल्यास तशी नोंद करतो. पण शर्यतीच्या शौकिनाने जास्त वेगाचा मीटर बसवला असेल तर जुना आकडा त्या जुन्या मीटरबरोबरच निघून गेलेला असतो.

म्हणून गाडी हाती आल्यावर दुसरे वाचन सुरू होते. जीटी-आर घेणारा जाणकार आधी इंजिनाकडे पाहत नाही. तो पुढच्या सस्पेन्शनच्या वरचा पत्रा, दारांखालच्या पट्ट्या आणि मागच्या काचेभोवतीचा भाग पाहतो, कारण इंजिन पुन्हा बांधता येते, कुजलेला सांगाडा बांधणे फार कठीण. सुरुवातीच्या आर३२ मध्ये क्रँकशाफ्टचा जो भाग ऑईल पंपाला फिरवतो तो अरुंद आहे. त्यामुळे जास्त फेऱ्यांवर पंप तुटू शकतो, हे त्याला ठाऊक असते. टायमिंग बेल्ट कधी बदलला याचा पुरावा नसेल तर तो बदललेला नाही असेच धरून तो खर्च मांडतो.

मझदा आरएक्स-७ च्या शेवटच्या पिढीचे, १९९१ ते २००२ मधल्या एफडी३एसचे, वाचन आणखी वेगळे. तिच्या रोटरी इंजिनात पिस्टन नाही. दोन त्रिकोणी रोटर फिरतात. प्रत्येक रोटरच्या तीन टोकांना पट्ट्या असतात. त्या झिजल्या की दाब गळतो. म्हणून तिचे कॉम्प्रेशन मोजताना प्रत्येक रोटरचे तीन, असे एकूण सहा आकडे घ्यावे लागतात, आणि ते आकडे मोठे असण्याइतकेच एकमेकांच्या जवळ असणेही महत्त्वाचे. हे इंजिन स्वतःच्या पट्ट्यांना वंगण मिळावे म्हणून थोडे ऑईल मुद्दामच जाळते. ऑईलची पातळी वरचेवर न पाहणाऱ्या मालकाला ते महागात पडते. तिचे दोन टर्बो एकामागून एक कामाला लागतात, आणि ती आळीपाळी सांभाळणारे बारीक नळ्यांचे जाळे इंजिनाच्या उष्णतेने वर्षानुवर्षे भाजत असते. एक नळी तडकली तरी दुसरा टर्बो वेळेवर येत नाही. ‘इनिशियल डी’मध्ये केइसुके ताकाहाशीची पिवळी एफडी घाटात गर्जत येते, तेव्हा या सहा आकड्यांची आणि त्या नळ्यांची आठवण कोणाला होत नाही. ती व्हावी अशी अपेक्षाही नाही. पण चित्रकथेच्या ओढीने जो खरोखर एफडी घेतो, त्याच्या पहिल्या वर्षाची खरी कथा तीच असते.

किंमत

आता या वाङ्मयाच्या सर्वांत मोठ्या विसंगतीकडे येऊ. ताकुमीची गाडी नायक झाली ती स्वस्त, जुनी आणि कामाची होती म्हणून. अकिओची झेड भंगारात होती म्हणून त्याच्या हाती आली. विद्यार्थ्याच्या खिशाला झेपणारी गाडी ही या कथांची पूर्वअट आहे. या कथांनी जगभर जी ओढ निर्माण केली, तिने नेमकी तीच अट मोडली. एई८६ ची कीर्ती केवळ चित्रकथेची नव्हे. केइची त्सुचिया यांच्यासारख्या शर्यतपटूने तिला आधीच नाव मिळवून दिले होते, आणि पुढे चलच्चित्र मालिकेला मार्गदर्शनही त्यांनीच केले. तरीही तिच्या वाढत्या भावाला शौकीन गमतीने ‘तोफू टॅक्स’ म्हणतात, हे पुरेसे बोलके आहे. चित्रपटातली ती नारिंगी सुप्रा २०२१ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात साडेपाच लाख डॉलरना गेली. आज एखादा तोफूवाला अशा गाडीतून माल पोचवणार नाही. तो ती विकून दुकान वाढवील.

याची एक चांगली बाजूही आहे. मागणी राहिली म्हणून कारखान्यांना आपल्या जुन्या गाड्या आठवल्या. निस्सानच्या निस्मो विभागाने २०१७ मध्ये आर३२ चे बंद झालेले भाग पुन्हा बनवायला घेतले. टोयोटाने जुन्या सुप्रासाठी आणि पुढे एई८६ साठीही तसेच केले. म्हणजे गोष्टींनी गाड्या महाग केल्या आणि गोष्टींनीच त्या जिवंतही ठेवल्या. पण जिवंत कोणासाठी? ज्या गाड्यांचे भाग आज पुन्हा मिळतात, त्यांतल्या अनेक आता वातानुकूलित खोलीत झाकून ठेवलेल्या असतात. न वापरल्याने रबर वाळते, ब्रेक धरतात, टाकीतले पेट्रोल खराब होते. मोल वाढल्यामुळे गाडी पळत नाही, आणि न पळाल्यामुळे ती आतून खराब होते. निगेला हा नवाच शत्रू आहे, आणि त्याची गोष्ट अजून कोणी लिहिलेली नाही.

म्हणून या वाङ्मयातल्या मानाच्या जागा मी अशा लावीन. चित्रकथा म्हणून ‘इनिशियल डी’ श्रेष्ठ आहे. तिची गती, तिचे घाट, तिचे साधे घर यांना तोड नाही. पण तिचा खरा नायक बुन्ता आहे, आणि शिगेनो यांनी त्याला दुकानाच्या मागच्या खोलीत ठेवले. ‘वांगन मिडनाइट’ ओबडधोबड आहे, गूढतेच्या मोहात पडलेली आहे. तरी जुनी गाडी बाळगणे म्हणजे अनेक माणसांशी नाते बाळगणे, हे तिच्याइतके कोणी सांगितलेले नाही. चित्रपट आणि खेळ यांनी इच्छा दिली, पण इच्छा पुरी झाल्यानंतरचे काही दिले नाही.

मालिकेच्या अखेरीस ताकुमीचा शेवटचा प्रतिस्पर्धीही एई८६ च चालवतो, आणि त्या शर्यतीतही ताकुमीचे इंजिन फुटते. अठरा वर्षे चाललेल्या विजयगाथेचा शेवट शिगेनो यांनी तुटलेल्या यंत्रावर केला. ते इंजिन कोण उतरवणार, सांगाडा तपासणार कोण आणि भाग कुठून आणणार, हे ते सांगत नाहीत. जुनी गाडी घेण्याच्या विचारात असलेल्या वाचकाने शेवटचे पान मिटल्यावर हेच प्रश्न स्वतःला विचारावेत. त्यांची उत्तरे हाताशी असतील, ओळखीतला एखादा बुन्ता किंवा ताकागी असेल, तरच लिलावाचा कागद मागवावा.